टेकडीखालचा झरा कोणाच्या पाण्यावर चालतो: एका भूमिगत कोळसा खाणीच्या विस्ताराचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूर जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याजवळ एक भूमिगत कोळसा खाण बरीच वर्षं चालू आहे. खाण कंपनीला पूर्वेकडच्या टेकडीखाली नवी पॅनल, म्हणजे कोळसा काढायचे स्वतंत्र पट्टे, उघडायची होती आणि त्यासाठी लागणारं कर्ज मुंबईतल्या एका बँकेकडून येणार होतं. पर्यावरण आघात अहवाल तयार होता, जनसुनावणी उरकली होती. बँकेच्या जोखीम विभागाने अहवालातला भूजलाचा भाग तपासायला दादरच्या आमच्या छोट्या कार्यालयाकडे पाठवला. मुदत तीन आठवड्यांची होती. खाण, गाव आणि बँक ओळखू येऊ नये म्हणून नावं गाळली आहेत, खोली आणि अंतरं ढोबळ दिली आहेत. घटनाक्रम मात्र घडला तसाच आहे.

टेकडीच्या पायथ्याशी एक झरा आहे. खालच्या वस्तीचं पिण्याचं पाणी, गुरांचं पाणी आणि मेपर्यंत वाहणारा एक ओहोळ, हे सगळं त्याच्यावर. अहवालात त्याच्याबद्दल दीड ओळ होती: एक लहान झरा आढळला, खाणकामाचा त्यावर परिणाम अपेक्षित नाही.

इथली जमीन थोडी समजून घ्यायला हवी, कारण पुढचे सगळे वाद तिच्यावरूनच झाले. टेकडीच्या माथ्यावर दख्खनच्या काळ्या बेसॉल्टचं पातळ टोपण आहे. त्याखाली लॅमेटा, मग कामठी वालुकाश्म. हा वालुकाश्म पावसाचं पाणी मुरवून धरतो. त्याखाली मोटूर नावाने ओळखला जाणारा चिकणमातीचा थर, इथे सुमारे 40 मीटर जाडीचा, आणि त्याखाली बराकर, ज्यात कोळसा आहे. माथ्यापासून कोळशापर्यंत अंदाजे 180 मीटर, आणि कोळशाच्या छतापासून मोटूरच्या तळापर्यंत 70. वालुकाश्मात मुरलेलं पाणी चिकणमातीवर अडतं आणि जिथे हे दोन थर टेकडीच्या उतारावर उघडे पडतात तिथून बाहेर येतं. तोच झरा.

प्रश्न कुठे अडला

अहवालाचं म्हणणं असं: झरा मोटूरच्या वर आहे, कोळसा मोटूरच्या खाली आहे, मध्ये 40 मीटर चिकणमाती आहे, म्हणजे दोघांचा संबंध नाही. कागदावर हे पटण्यासारखं आहे. शिवाय खाणीमुळे पाणी किती अंतरापर्यंत ओढलं जाईल, याचा आकडाही दिला होता: 95 मीटर. झरा सर्वांत जवळच्या पॅनलपासून 600 मीटरवर.

हा 95 कुठून आला ते पाहिलं. आपल्याकडच्या खाण अहवालांत सर्रास दिसणारं सिचार्टचं सूत्र: पाण्याची पातळी किती मीटर उतरवायची तो आकडा गुणिले 3000, गुणिले खडकाच्या पारगम्यतेचं, म्हणजे खडक पाणी किती सहज वाहू देतो त्या आकड्याचं, वर्गमूळ. पातळी 100 मीटर उतरवायची आणि पारगम्यता सेकंदाला एका मीटरचा एक कोटीवा भाग धरली की उत्तर 95 मीटर येतं. पारगम्यता दहापट धरली तर 300 मीटर, शंभरपट धरली तर 950. आणि एकाच वालुकाश्मात, भेगा आहेत की नाहीत यावर, पारगम्यतेत शंभरपट फरक पडणं अजिबात नवलाचं नाही. म्हणजे या सूत्राच्या आधारे झरा सुरक्षितही ठरतो आणि धोक्यातही. मूळ सूत्र सच्छिद्र जमिनीतल्या विहिरीच्या उपशासाठीचं, अनुभवावर बेतलेलं. भेगाळलेल्या खडकाखालच्या, छत कोसळणाऱ्या खाणीला ते लावणंच चूक आहे, हे मी आमच्या टिपणात स्पष्ट लिहिलं.

मोठी गोष्ट वेगळीच होती. चिकणमाती पाणी अडवते ती अखंड असेल तर. बोर्ड-अँड-पिलर पद्धतीत आधी गॅलऱ्या खणतात आणि मध्ये कोळशाचे खांब ठेवतात. तोवर वरचा खडक फारसा हलत नाही. मग डिपिलरिंग होतं, खांब काढत मागे यायचं आणि मागचं छत पाडायचं. त्या पडलेल्या भागाला खाणीत गोफ म्हणतात. काढलेल्या उंचीच्या साधारण 3 ते 8 पट उंचीपर्यंत खडक कोसळतो, आणि त्याच्यावर 30 ते 50 पट उंचीपर्यंत भेगा जाऊ शकतात. इथे 3 मीटर उंचीचा कोळसा काढायचा होता. भेगांची उंची 90 ते 150 मीटर. मोटूरचा माथा कोळशापासून 110 मीटरवर, म्हणजे भेगा सगळी चिकणमाती पार करून वर जाऊ शकत होत्या. हा साधा गुणाकार अहवालात कुठेच नव्हता.

पंपाची वही

तीन आठवड्यांत नवी बोअर मारून तपासणी होत नाही. मग हाताशी काय आहे? खाण जुनी आहे, पश्चिमेकडच्या भागात अनेक वर्षांपूर्वी वाळू न भरता डिपिलरिंग झालेलं आहे, आणि वरचे थर तेच आहेत. पूर्वेला काय होईल याचं उत्तर पश्चिमेला आधीच घडून गेलेलं असणार.

माझा सहकारी उमरेडचा. मुंबईत कमी बोलतो, पण खाणीवर गेला की तिथल्या माणसांत अर्ध्या तासात मिसळतो. त्याने पंप ऑपरेटरला विचारलं, "भाऊ, पावसायात पंप जास्ती चालवा लागते का जी?" उत्तर आलं, "पोया झाला का मंग वाढतेच. दिवाईलोक उतरत नाही." आणि त्याने वही काढून दिली. प्रत्येक शिफ्टला सम्पचा, म्हणजे खाणीत पाणी गोळा होणाऱ्या खड्ड्याचा, पंप किती तास चालला, याच्या ओळीमागे ओळी. तेलकट बोटांचे ठसे, मधली काही पानं फाटलेली, पण बरीच वर्षं सलग. ही वही पर्यावरण अहवाल करणाऱ्यांनी मागितलीच नव्हती.

पंपाचे तास ऑगस्टच्या शेवटी चढत होते, म्हणजे पाऊस लागल्यानंतर दोनेक महिन्यांनी, आणि हळूहळू उतरत होते. वर अखंड चिकणमाती असती तर पश्चिमेच्या खाणीला पावसाळा कळायला नको होता.

कंपनीच्या अभियंत्यांनी लगेच दुसरं कारण पुढे केलं: जुन्या इन्क्लाइनच्या, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या तिरप्या बोगद्याच्या, तोंडातून पावसाचं पाणी आत येतं. शंका रास्त होती. पण इन्क्लाइनमधून आलेलं पाणी पावसाबरोबर लगेच यायला हवं, दोन महिने थांबून नाही. आणखी एक पडताळा करता येत होता. पश्चिमेच्या गोफाच्या कडेला छतातून टपकणारं पाणी आम्ही बाटलीत धरलं, आणि पूर्वेकडच्या सर्वांत खोल भागातलंही. छतातलं पाणी कॅल्शियम-बायकार्बोनेटचं निघालं, झऱ्याच्या आणि गावातल्या विहिरींच्या पाण्यासारखं. खोल भागातलं पाणी सोडियमचं, क्षारता जास्त. म्हणजे पश्चिमेला वरच्या वालुकाश्मातलं पाणी गोफात उतरत होतं.

पुढे ट्रिटियमची तपासणीही करून घेतली. ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी समस्थानिक, त्याचं अर्धायुष्य सुमारे 12.3 वर्षं, म्हणून पाणी अलीकडचं की अनेक दशकांपूर्वीचं हे त्यावरून ताडता येतं. झऱ्यांसाठी समस्थानिकांचा उपयोग आपल्याकडे नवा नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी चमोली जिल्ह्यातल्या गौचर भागात झऱ्यांचं पाणी डोंगरावर कुठे मुरतं ते असंच शोधलं होतं. तिथे उंचीनुसार पावसातल्या ऑक्सिजन-18चं प्रमाण बदलतं, याचा फायदा झाला. आमच्या टेकडीची चढण 70 मीटरची, तिथे ती युक्ती चालत नाही. ट्रिटियमने मात्र काम केलं: गोफाच्या कडेचं पाणी अलीकडचं, खोल भागातल्यात ट्रिटियम जवळजवळ नाही. हा निकाल यायला काही महिने गेले. बँकेला उत्तर त्याआधी, वही आणि रासायनिक तपासणीच्या जोरावरच द्यावं लागलं.

समोर असलेले पर्याय

बैठक वांद्रे-कुर्ला संकुलात झाली. पहिला प्रस्ताव बँकेच्याच एका अधिकाऱ्याचा: झरा आटला तर कंपनी टँकर देईल, नळयोजना करून देईल, तसं करारात घालू. मुंबईत बसून असा विचार येणं स्वाभाविक आहे. आपलं पाणी भातसा-वैतरणेहून शंभरेक किलोमीटर नळाने येतं आणि कमी पडलं तर सोसायटी टँकर मागवते. पण त्या झऱ्यावर गुरं पितात, ओहोळ मेपर्यंत वाहता राहतो, ओहोळाकाठच्या विहिरी त्यावर भरतात. हे टँकरच्या फेऱ्यांमध्ये बसत नाही, हे मी त्या बैठकीत जितकं जोर देऊन सांगता येईल तितकं सांगितलं. जोखीम विभागाच्या प्रमुख बाई वाळकेश्वरच्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे बाणगंगेला शेजारी समुद्र असून गोडं पाणी येतं, ते कुठून येतं हे न बघता बाजूला खणल्यासारखं." झऱ्याची वाट खडकातून कशी आहे हे कळल्याशिवाय त्याच्या आसपास काय चालेल हे सांगता येत नाही, हा मुद्दा त्यांनी एका वाक्यात पकडला.

दुसरा पर्याय सगळ्या पॅनलमध्ये सँड स्टोइंगचा, म्हणजे कोळसा काढलेल्या पोकळीत पाण्याबरोबर वाळू भरण्याचा. यात जमीन खचण्याचं प्रमाण काढलेल्या उंचीच्या पाच टक्क्यांच्या आसपास राहतं. छत पाडलं तर ते निम्म्याच्याही वर जाऊ शकतं. पण नदीची वाळू मिळवणं कठीण आणि महाग. ओपनकास्टच्या, म्हणजे उघड्या खाणीच्या, ओव्हरबर्डनमधून (कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडातून) वाळू काढता येते, पण त्यासाठी जवळ तशी खाण लागते. कंपनीने हिशेब मांडला आणि सरसकट स्टोइंग परवडत नाही म्हणून हात वर केले.

तिसरा: टेकडीखाली फक्त गॅलऱ्या, डिपिलरिंग नाही. पाण्यासाठी सर्वांत सुरक्षित. पण बहुतांश कोळसा खांबांतच राहतो, मग कर्जाचा हिशेबच जुळत नाही.

चौथा: वर्षभर थांबून मोजमाप करायचं, मग ठरवायचं. मला हाच हवा होता. पण वर्षभर सगळंच काम थांबवायला ना कंपनी तयार होती, ना बँक.

काय ठरलं

शेवटी जे झालं ते पॅनलांचा क्रम बदलून. खाण योजनेत टेकडीखालची पॅनल आधी आणि नाल्यापलीकडची नंतर होती. हा क्रम उलटला. पलीकडची दोन पॅनल आधी, तोवर टेकडीखाली फक्त गॅलऱ्या. टेकडीखालच्या डिपिलरिंगची परवानगी एका पूर्ण पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंतचं मोजमाप हाती आल्यावर. झऱ्याच्या मागच्या पट्ट्यात खांब कायमचे ठेवायचे आणि टेकडीच्या उरलेल्या भागात स्टोइंग. कर्जाचा दुसरा हप्ता या अटींना बांधला. त्या पट्ट्यातले खांब सोडले तर कोळसा तेवढाच राहिला, पण कंपनीला स्टोइंगचा खर्च एका छोट्या भागापुरता आणि दोन वर्षांनी येणार होता. म्हणून तिने मान्य केलं.

मोजमापाची पद्धत आम्ही आखली. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या परवानगीत निरीक्षण विहिरी असतात, पण त्यातून फक्त पाण्याची पातळी कळते. झऱ्याला ते पुरत नाही. झरा वाचायचा असेल तर पाऊस थांबल्यापासून तो कसा ओसरतो ते पाहावं लागतं. ऑक्टोबरनंतरच्या प्रवाहाचे लॉगरिदम काढून तारखांपुढे मांडले तर बहुतेक झऱ्यांची जवळपास सरळ रेषा उतरत जाते. तिचा उतार त्या झऱ्यामागच्या साठ्याचा गुण सांगतो. पाऊस कमी झाला तर रेषा खालून सुरू होते, पण उतार तोच राहतो. साठ्याला खालून भोक पडलं तर उतार तीव्र होतो. दुष्काळ आणि खाण यांच्यातला फरक पकडायला याहून सोपं साधन मला माहीत नाही.

झऱ्यावर 90 अंशांचा व्ही-नॉच बसवला. पत्र्यातल्या त्या व्ही-आकाराच्या खाचेत पाणी 5 सेंटिमीटर चढलं की मिनिटाला साधारण 46 लिटर प्रवाह असतो, 4 सेंटिमीटर असेल तर 26. एका सेंटिमीटरची चूक म्हणजे प्रवाह जवळजवळ निम्मा. म्हणून पट्टी पत्र्यावर न लावता मागे, पाणी शांत असतं तिथे लावली, आणि खाचेत अडकलेला पाला काढून थोडं थांबल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हे ठरवून दिलं. रोजची नोंद बचत गटातल्या एका ताईंनी मानधनावर घेतली. त्यांच्या वहीत आकड्याशेजारी "काल रात्री पाऊस", "गुरं आली होती, पाणी गढूळ" अशा टिपा असत, आणि एखादा आकडा संशयास्पद वाटला की त्या टिपाच कामी येत.

खाणीपासून दूर, याच थरांवर दुसरा झरा होता. तिथेही तसाच व्ही-नॉच. हा तुलनेचा झरा म्हणजे या कामाचा कणा ठरला. शिवाय दोन पिझोमीटर, म्हणजे एकाच थरातली पाण्याची पातळी मोजणाऱ्या अरुंद बोअर, एकाच जागी, एक कामठीत, एक बराकरमध्ये, मध्ये नीट सील केलेले. उघड्या विहिरीत दोन्ही थरांचं पाणी मिसळू शकतं, आणि मग पातळी कोणाची हे कळत नाही.

काय झालं

पहिल्या वर्षी दोन्ही झऱ्यांच्या रेषा जवळपास समांतर. दुसऱ्या वर्षी पाऊस कमी पडला आणि एप्रिलमध्ये झरा बोटाएवढ्या धारेवर आला. गावात संताप झाला. रास्ता रोकोची भाषा सुरू झाली, आणि कंपनीच्या जनसंपर्क विभागाला वाटलं की लगेच पत्रक काढून पाऊस कमी म्हणून सांगावं. आम्ही ते थांबवायला सांगितलं. ग्रामपंचायतीत दोन्ही झऱ्यांचे आलेख भिंतीवर लावले. नोंदी घेणाऱ्या ताईंनीच ते समजावले. तुलनेचा झरा तितकाच ओसरला होता, उतार बदललेला नव्हता. लोकांनी प्रश्न विचारले, खूप विचारले, पण आकडे गावातल्याच बाईने लिहिलेले होते म्हणून ते बनावट आहेत असं कोणी म्हटलं नाही.

फटका बसला तो भलत्याच ठिकाणी. नाल्यापलीकडचं दुसरं पॅनल डिपिलर होत असताना, डिसेंबरात, एका संत्रा बागायतदाराची विहीर झपाट्याने उतरली. कामठीचा पिझोमीटर स्थिर, बराकरचा मात्र खाली गेलेला. खाणीच्या नकाशावर त्या दिशेने एक फॉल्ट होता. त्याच्या दोन बाजूंचे थर काही मीटर वरखाली सरकलेले. विहीर त्याच फॉल्टवर. भूजलाच्या प्रकरणातल्या नकाशावर हा फॉल्ट काढलेलाच नव्हता. चिकणमाती जिथे तुटली होती तिथून पाणी खाली उतरायला वाट होती.

वेळही वाईट. आंबिया बहारासाठी झाडांना डिसेंबर-जानेवारीत ताण देतात आणि मग पाणी देऊन बहार फोडतात. पाणी द्यायच्या नेमक्या वेळी विहिरीत पाणी नव्हतं. बहार गेला. कंपनीने पॅनलचं काम थांबवलं, खाणीचं पाणी साठवून, तपासून पाइपने बागेला दिलं, एका हंगामाची भरपाई दिली. झाडांच्या नुकसानीचा दावा अजून सुटलेला नाही. बागायतदार म्हणतो झाडं खचली, कंपनी म्हणते पुढचा बहार आला. हे ठरवायला आमच्याकडे पुरावा नाही. ताणापूर्वी झाडांची पाहणी झाली असती तर असता.

पुन्हा करायचं झालं तर

आमचं सगळ्यांचं लक्ष झऱ्यावर होतं, कारण अहवालात, गावात आणि बँकेत त्याचंच नाव घेतलं जात होतं. जनसुनावणीच्या इतिवृत्तात मात्र हाच बागायतदार बोलला होता: खाणीत ब्लास्ट झाला की माझ्या विहिरीचं पाणी हलतं. शेजारी उत्तर छापलेलं, "नोंद घेतली". फॉल्टवरची विहीर खाणीशी जोडलेली असू शकते, याची इतकी सरळ खूण क्वचित मिळते. अशा कामात पहिल्याच आठवड्यात खाणीचा फॉल्ट नकाशा आणि जनसुनावणीचं इतिवृत्त शेजारी ठेवून, तक्रार करणाऱ्या प्रत्येक विहिरीचं फॉल्टपासूनचं अंतर काढायला हवं. एका दुपारचं काम आहे.

दुसरं, क्रम बदलताना नाल्यापलीकडची पॅनल निर्धोक धरली गेली, ती झऱ्यापासून लांब होती एवढ्याच कारणाने. त्यांच्यासाठी वेगळा पिझोमीटर नव्हता. आता फॉल्टच्या दोन्ही बाजूंना एकेक बोअर झाली आहे.

तिसरं, पंपाची वही. ती आता रोज संगणकात चढते आणि पंपाच्या वीज मीटरच्या आकड्यांशी ताडली जाते. पर्यावरण परवानगीसाठी जुन्या चालू खाणीचा विस्तार मागितला असेल तर मागची किमान दहा वर्षांची पंपनोंद जोडायची अट असावी, असं मी त्यानंतरच्या प्रत्येक टिपणात लिहिते. भूमिगत खाणीत वरचं पाणी किती उतरतं हे सांगणारी याहून स्वस्त नोंद नाही, आणि ती प्रत्येक खाणीत असतेच.

टेकडीखालच्या पहिल्या पॅनलमध्ये स्टोइंगसह डिपिलरिंग झालं आहे, झऱ्याच्या मागच्या पट्ट्यातले खांब जागेवर आहेत आणि झऱ्याच्या रेषेचा उतार अजून पूर्वीइतकाच आहे. दुसऱ्या पॅनलचा अर्ज बँकेकडे आला आहे. फॉल्टवरच्या दोन नव्या बोअरमधून एका पूर्ण पावसाळ्याची नोंद येईपर्यंत आम्ही त्यावर अभिप्राय दिलेला नाही.